डार्विनच्या घरातला देव

डॉ. रॉबर्ट डार्विन हे इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावचे नावाजलेले डॉक्टर. आजाऱ्याच्या उशापाशी बसून बसून कितीतरी घरांतली नवराबायकोची दुःखं त्यांना ठाऊक झाली होती. त्यांचा धाकटा मुलगा चार्ल्स १८३८ साली लग्नाचा विचार करू लागला, तेव्हा त्यांनी त्याला एक सल्ला दिला. धर्माबद्दलच्या तुझ्या शंका बायकोपासून नीट लपवून ठेव, म्हणाले. सगळं ठीक चाललेलं असतं तोवर काही होत नाही. दोघांतलं एक आजारी पडलं की मग बाई झुरायला लागते, की मेल्यावर माझ्या नवऱ्याचं काय होणार, त्याला स्वर्ग मिळणार का नाही. अशी घरं मी पाहिली आहेत.

म्हाताऱ्या चार्ल्सनं हे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचे थोरले मामा आठवले. साताऱ्यात आमच्या घरी मला पाहायला येणार होते, त्याच्या आदल्या रात्री मामांनी मला माजघरात बोलावून अगदी हेच सांगितलं होतं. "देव मानत नाहीस ते तुझ्यापाशी ठेव. लग्न झालं की सगळं सुरळीत होतं." मामा वाईट नव्हते. रॉबर्ट डार्विनही वाईट नव्हते. दोघांनाही आपल्या पोराचा संसार टिकावा एवढंच वाटत होतं.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. ती आता पुण्यात नोकरी करते, घरचे स्थळं बघतायत. परवा फोन करून म्हणाली, "बाई, मी पूजाअर्चा काही करत नाही, हे आधीच सांगू का नंतर बघू?" मी तिला तिथल्या तिथं "सांग" म्हटलं. पण फोनवर कारण नीट सांगता आलं नाही. ते कारण माझ्यासाठी एम्मा डार्विन या बाईच्या दोन पत्रांत आहे. केंब्रिज विद्यापीठानं डार्विनचा पत्रव्यवहार इंटरनेटवर खुला ठेवला आहे, कुणालाही वाचता येतो.

चार्ल्सनं बापाचा सल्ला मानला नाही. ११ नोव्हेंबर १८३८ रोजी त्यानं मामेबहिणीला, एम्मा वेजवूडला, मागणी घातली आणि आपल्या मनातलं तिला सांगून टाकलं. (त्याआधी उन्हाळ्यात त्यानं एका कागदावर लग्न करावं आणि करू नये अशा दोन बाजू मांडल्या होत्या. पुस्तकांना पैसे कमी उरतील, हे 'करू नये'च्या बाजूला होतं. त्या कागदाचंच सगळीकडे कौतुक होतं. मला तो कागद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्यात अजून समोर कुणी माणूस नाही.) एम्मा धार्मिक होती. तिचं घराणं युनिटेरियन, म्हणजे येशूला मानणारं पण देव एकच, तीन रूपांचा नाही, असं म्हणणारं. त्यामुळे धर्मात प्रश्न विचारणं तिला नवं नव्हतं. पण मेल्यानंतरचं जीवन, तिथं आपल्या माणसांची पुन्हा होणारी भेट, यावर तिचा पक्का विश्वास. तिची लाडकी बहीण फॅनी १८३२ साली वारली होती. ती पुन्हा भेटेल, या आशेवर एम्मानं ते दुःख सोसलं होतं.

मागणी घातल्यावर दहाबारा दिवसांतच एम्मानं त्याला लिहिलं. तिनं म्हटलं, प्रामाणिक आणि सचोटीनं आलेल्या शंका पाप असू शकत नाहीत हे माझी बुद्धी मला सांगते. पण त्यामुळे आपल्या दोघांत एक दुखरी पोकळी राहील असं वाटतं. तू उघडपणे सांगितलंस याबद्दल मनापासून आभार. मग एक विनंती केली, की योहानाच्या शुभवर्तमानातलं येशूचं शिष्यांना निरोपाचं बोलणं माझ्यासाठी एकदा वाच.

लग्न २९ जानेवारी १८३९ ला झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एकाच घरात राहत असताना, एम्मानं दुसरं पत्र लिहिलं. समोर बोलताना आपल्याला नीट मांडता येत नाही म्हणून लिहिते, असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं. हे पत्र मी वर्गात कधी वाचून दाखवलं नाही याची मला आता हळहळ वाटते, कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला विचारावा असा प्रश्न त्यात आहे. ती विचारते, सिद्ध झाल्याशिवाय काहीच मानायचं नाही, ही शास्त्रातली सवय तुझ्या मनावर इतकी बसली नाही ना, की ज्या गोष्टी त्या रीतीनं सिद्ध होणाऱ्याच नाहीत त्यांनाही तू तीच कसोटी लावतोस? पुढे आणखी एक बारीक निरीक्षण आहे. तुझा थोरला भाऊ इरॅस्मस, ज्याच्या बुद्धीवर तुझा एवढा विश्वास, तो या वाटेनं तुझ्याआधी गेला आहे; त्यामुळे शंका घेताना पहिल्यांदा जी भीती वाटते ती तुझ्यापुरती कमी झाली असेल का?

माझं स्वतःचं मत एम्माच्या बाजूचं नाही. माझ्या मते सिद्ध न होणाऱ्या गोष्टीबद्दल 'माहीत नाही' म्हणून थांबावं. पण हा प्रश्न विचारणारी बाई नवऱ्याला घाबरवत नाही, रडून वाकवत नाही. ती त्याच्याशी वाद घालते, तोही त्याच्याच शस्त्रानं. माणूस आपलं मत कशाकशामुळे बनवतो, हे ती त्याला तपासायला सांगते. आणि वादाच्या आधीच ती एक गोष्ट नक्की करून ठेवते: तू सचोटीनं सत्य शोधतो आहेस तोवर तू चुकत असणार नाहीस, असंच मला मानायचं आहे. शेवटी ती लिहिते की मला याचं उत्तर नको. लिहून बरं वाटलं. मात्र हे माझं काम नाही असं समजू नकोस, तुझं जे जे आहे ते सगळं माझं आहे, आणि आपण एकमेकांचे कायमचे नाही असं वाटलं तर मला फार दुःख होईल.

चार्ल्सनं ते पत्र जन्मभर जपलं. त्याच्या खाली त्यानं दोन ओळी लिहिल्या: मी गेल्यावर तुला कळू दे, की कितीदा तरी मी या कागदाचे मुके घेतले आणि त्यावर रडलो. खाली आद्याक्षरं.

रॉबर्ट डार्विननी सांगितलेलं संकट त्या घरावर आल्याशिवाय राहिलं नाही. चार्ल्सची प्रकृती लग्नानंतर कायमची ढासळली. ओकाऱ्या, थकवा, आठवडेच्या आठवडे अंथरूण. त्याची शुश्रूषा एम्माच करायची. दहा मुलांपैकी तीन लहानपणी गेली. त्यांतली ॲनी दहा वर्षांची होती. १८५१ च्या मार्चमध्ये चार्ल्स तिला जलोपचारासाठी मॉल्व्हर्नला घेऊन गेला, २३ एप्रिलला ती तिथंच गेली. एम्मा दिवसात होती, शेवटचे आठवडे; तिला घर सोडता आलं नाही. ती डाऊन गावी टपालाची वाट बघत बसलेली आणि हा तिकडून रोज, कधी दिवसातून अनेकदा, पत्रात भर घालत बसलेला. ॲनी गेली त्या दिवशी त्यानं लिहिलं, आता आपण दोघांनी एकमेकांचं अधिकाधिक व्हायला हवं. तीन आठवड्यांनी होरेस नावाचा मुलगा जन्मला.

या मृत्यूनं डार्विनचा उरलासुरला धर्म संपवला, असं बरेच लेखक म्हणतात. असेल. मला त्यापेक्षा महत्त्वाचं हे वाटतं, की त्या काळात दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या दुःखाचा वापर आपलं म्हणणं पटवायला केला नाही. 'देवाला मानलं असतंस तर' असं तिनं म्हटलं नाही आणि 'कुठं आहे तुझा देव' असं त्यानं विचारलं नाही. ज्या घरांत हे वाक्य बोललं जातं ती घरं मी साताऱ्यातही पाहिली आहेत.

माझं थोडं सांगते. मला पाहायला आले तेव्हा आम्हाला दोघांना पाच मिनिटं अंगणात बोलायला सोडलं होतं. मी त्यांना सांगितलं, मी देवाला हात जोडत नाही, उपास करत नाही, आणि लग्नानंतरही करणार नाही. हे माळकरी. त्यांच्या घरात तीन पिढ्यांची वारी. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पण माझी एकादशी तुम्ही मोडणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. लग्न ठरलं. दरवर्षी आषाढात माऊलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात आली, की हे लोणंदला जाऊन दिंडीत मिळतात. मी त्यांना पोचवायला जाते, भाकरी-ठेचा बांधून देते, तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला रिंगणही पाहिलं आहे. ते बघताना माझ्या अंगावर काटा येतो. विठ्ठल मात्र मला अजून पटलेला नाही, आणि ते यांना माहीत आहे.

काही वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. रॉबर्ट डार्विन म्हणत होते तीच वेळ. दवाखान्यात नातेवाईक जमले, त्यांतल्या एक आत्याबाई माझा हात धरून म्हणाल्या, "आता तरी एक नवस बोल गं. तुझं काय जातंय?" मी काही बोलायच्या आत ह्यांनीच खाटेवरून सांगितलं, "माझ्यासाठी तिला खोटं बोलायला लावू नका." संध्याकाळी मला म्हणाले, चष्मा लावून वाचवत नाही, हरिपाठ वाचशील का. मी वाचला. दवाखान्यातून घरी येईपर्यंत रोज वाचला. त्यात मला कुठं अवघडल्यासारखं झालं नाही, कारण मी काय मानते हे ऐकणाऱ्याला ठाऊक होतं. मामांचं ऐकून मी गप्प बसले असते, तर त्या खाटेपाशी बसून मला प्रत्येक अभंगाला नाटक करावं लागलं असतं.

डार्विनच्या कामातही या उघडेपणाचा वाटा आहे असं मला वाटतं. १८४४ साली त्यानं आपला उत्क्रांतीचा सिद्धांत पहिल्यांदा सविस्तर लिहिला आणि एम्माच्या नावे पत्र करून ठेवलं: मी अचानक गेलो तर हे छापून काढ, त्यासाठी चारशे पौंड बाजूला काढ. ज्या सिद्धांतानं तिच्या श्रद्धेला धक्का बसणार होता तो त्यानं विश्वासानं तिच्याच हाती दिला! तिनं तो वाचलाही. डोळ्यासारखा अवयव बारीक बारीक बदलांतून घडला असावा, या मुद्द्यापाशी तिनं समासात लिहिलं की हे फार मोठं गृहीतक आहे. पुढे १८५९ मध्ये ग्रंथ आला त्यात डोळ्याची अडचण डार्विननं स्वतःच आधी मांडली आहे आणि मग उत्तर दिलं आहे. तो भाग एम्मामुळे आला असं मी म्हणणार नाही, ती अडचण त्यालाही दिसत होतीच. पण ज्याला रोज जेवताना समोर एक न पटलेला, प्रेमळ वाचक भेटतो, त्याच्या लिहिण्यात आढ्यता शिरायला जागा कमी उरते. मुलांना शिकवताना मी हे अनुभवलं आहे. घरी उत्क्रांतीचा धडा तयार करताना हे विचारायचे, "मग पहिला माणूस कोण?" आणि त्याचं उत्तर 'असा कुणी एक पहिला नसतोच' हे पटवून देता देता माझा धडा सुधारायचा.

एम्मा मुलांना घेऊन चर्चमध्ये जायची. चार्ल्स पुढे जाईनासा झाला. तरी गावच्या पाद्र्याशी, जॉन ब्रॉडी इनस यांच्याशी त्याची घट्ट मैत्री होती. रोज रात्री नवराबायको सोंगट्यांचे दोन डाव खेळत, बॅकगॅमनचे. १८७६ साली त्यानं एका अमेरिकन मित्राला हिशेब कळवला: एम्माचे डाव २४९०, माझे २७९५.

आता एक गोष्ट राहते, आणि ती मला सगळ्यांत जास्त बोचते. लग्नाआधी एकमेकांना खरं सांगायचं तर सांगणारं माणूस सज्ञान लागतं. लग्नाच्या वेळी एम्मा तीस वर्षांची होती, शिकलेली, युरोप हिंडलेली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४० साली, आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंचं लग्न जोतीरावांशी झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना कुणी काय विचारणार? पुढे जोतीरावांनी शिकवलं आणि त्या लिहित्या झाल्या. १८५६ मध्ये माहेरी आजारी असताना त्यांनी जोतीरावांना पाठवलेलं पत्र उपलब्ध आहे. महारामांगांना शिकवता म्हणून टोमणे मारणाऱ्या भावाला त्यांनी कसं निरुत्तर केलं, ते त्यात आहे.

कराडजवळच्या टेंभूचे आगरकर हे जवळजवळ डार्विनच्याच काळातले; डार्विन गेला १८८२ मध्ये, आगरकर १८९५ मध्ये. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांना वाचून घडलेला, देव न मानणारा माणूस. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू. आगरकरांनी त्यांच्या देवधर्माच्या आड येऊन सक्ती केली नाही, असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं आहे. पुण्यात विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली तेव्हा घरातल्या त्या बाईवर काय गुजरलं असेल, याचा विचार मी टेंभूला गेले तेव्हा मनातून जाईना. आगरकर गेले एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आत. आपल्या अंत्यविधीसाठी त्यांनी पैसे पुडी बांधून ठेवले होते असं सांगतात. ही काळजी खरी आहे, मोठी आहे. पण यशोदाबाईंनी नवऱ्याला विचारलेला प्रश्न, एम्मानं विचारला तसा, माझ्या वाचनात आलेला नाही. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यासाठी आगरकर १८९१ मध्ये जिवाच्या आकांतानं का लिहीत होते, ते मला इथं समजतं. बुद्धिवादी नवरा मिळाला म्हणून बाईला वाचा फुटत नाही. तिला आधी वाढू द्यावं लागतं.

ज्या मिलची पुस्तकं आगरकरांनी वाचली, त्यानं १८५१ मध्ये हॅरिएट टेलरशी लग्न करण्याआधी एक लेखी निवेदन केलं होतं: कायदा मला नवरा म्हणून बायकोवर जे हक्क देतो ते मला मान्य नाहीत आणि ते मी कधी वापरणार नाही. आणि इकडे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला. त्यांच्या लग्नात भटजी नसायचे, आणि मंगलाष्टकांत नवरी स्वतः आपल्या स्वातंत्र्याचं बोलते, नवरा सगळ्यांसमोर वचन देतो. निर्मिकाचं, म्हणजे जग निर्माण करणाऱ्याचं, नावही त्यात येतं. म्हणजे देवाला न टाकता, पुरोहिताला आणि नवरेशाहीला बाजूला सारलं. सातारा जिल्ह्यात या विचाराची मुळं खोल आहेत. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण इथलंच. अशा एका लग्नाला मी हजर होते. मुलीनं माइक हातात घेऊन स्पष्ट आवाजात आपल्या ओळी म्हटल्या, आणि पहिल्या रांगेतले तिचे आजोबा फेटा सावरत उठून उभे राहिले होते.

तर माझ्या विद्यार्थिनीला सांगायचं ते असं. बायोडेटात लिहू नकोस, मेसेजही नको. समोर बसून सांग. त्याचं काय आहे तेही विचार, आणि तो म्हणेल ते पाळायला जमणार असेल तरच हो म्हण. पाळता येणार नाही ते तिथंच सांग. नकार आला तर येऊ दे.

डार्विनच्या मृत्यूनंतर आत्मचरित्र छापायची वेळ आली तेव्हा एम्मानं काही मजकूर काढायला लावला. न मानणाऱ्यांना कायमची नरकयातना असेल, तर तो धर्म खरा असावा असं कुणाला वाटेल तरी कसं, कारण मग त्यात माझे वडील, भाऊ आणि जवळजवळ सगळे मित्र येतील, असं डार्विननं तिथं फार कडक शब्दांत लिहिलं होतं. एम्मानं वहीत नोंद केली की हे छापलं जाऊ नये. मुलांमध्येही त्यावरून दोन तट पडले. १८८७ मध्ये पुस्तक आलं ते हा मजकूर गाळूनच. यावरून एम्माला दोष देणारे पुष्कळ आहेत. मी देत नाही. चाळीस वर्षं ती हे ऐकून घेत आली होती, त्याच्यापासून तिनं काहीच झाकलं नव्हतं. तो गेल्यावर परक्यांच्या तोंडी ते वाक्य जावं असं तिला वाटलं नाही. आणि अशा शिक्षेवर तिचा स्वतःचाही विश्वास नव्हता. आता फारच थोडे लोक त्याला ख्रिस्ती धर्म म्हणतील, असंच तिनं त्या नोंदीत म्हटलं आहे.

तो मजकूर १९५८ मध्ये परत छापला गेला. छापणारी नोरा बार्लो ही होरेसची मुलगी, म्हणजे ॲनी गेली तेव्हा एम्माच्या पोटात असलेल्या मुलाची लेक. तिनं आजोबांचं सगळं लिहिणं जसंच्या तसं लावलं, आणि त्याच पुस्तकात मागे आजीचं ते लग्नानंतरचं पत्रही छापलं.